हाताळणीतली चूक

लेखी जबाबाच्या सहाव्या परिच्छेदात तो शब्द होता. 'तक्रारकर्तीच्या अडाणी हाताळणीमुळे यंत्रात बिघाड झाला.' मंजुषानं तो वाचला आणि तिला वाटलं, कुणीतरी आपल्याला मागून हाक मारली. तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा. चंद्रपूरच्या ग्राहक आयोगाच्या त्या व्हरांड्यात फक्त एक म्हातारे गृहस्थ मांडीवर फाइल ठेवून पेंगत होते, आणि खिडकीपलीकडच्या रस्त्यावर ट्रकांची ये-जा चालू होती. तिनं परत खाली पाहिलं. शब्द तिथंच होता, टाइप केलेला, इतर शब्दांएवढाच. विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी जबाबाची प्रत तिच्या हातात देताना 'घ्या ताई' म्हटलं होतं, अगदी सौम्यपणे, लग्नाची पत्रिका द्यावी तसं. पहिले पाच परिच्छेद ती सरळ वाचत आली होती. बाई व्यापारी आहे, नफ्यासाठी यंत्र घेतलं, म्हणून ती ग्राहकच नाही, असं त्यांत होतं. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. त्याला उत्तर होतं. यंत्र ती स्वतः चालवते, त्यावर पोट भरते आणि कायद्यात अशा माणसाला ग्राहकच म्हणतात, हे तिनं तक्रार लिहितानाच शोधून ठेवलं होतं. पण अडाणी. बारावीपर्यंत शिकलेली, वकील न लावता स्वतःची तक्रार स्वतः लिहिणारी बेचाळीस वर्षांची बाई त्या एका शब्दापाशी अडकून बसली, आणि तिच्या बोटांना एकाएकी त्या स्क्रूचा थंडपणा जाणवला.

स्क्रूची गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. मूल या तालुक्याच्या गावापासून आठ किलोमीटरवरच्या आपल्या गावात तिनं घरालगत टिनाची खोली बांधून छोटा हलर बसवला होता. धान भरडून तांदूळ काढायचं हे यंत्र तिनं चंद्रपूरच्या गोपालसेठच्या शोरूममधून आणलं होतं. आत रबराचे दोन रोल, त्यांच्यामध्ये केसाएवढी फट, त्या फटीतून धान गेलं की तूस सुटतं आणि दाणा अख्खा खाली येतो. पहिल्या दिवशी ठमाबाई आली. शेजारची, सत्तरीची, तोंडानं फटकळ. आपलं अर्धं पोतं धान तिनं मोठ्या कौतुकानं सगळ्यांच्या आधी आणलं, आणि खाली टोपल्यात पडली ती कनकी. तुकडेच तुकडे. ठमाबाईनं मूठभर उचलून पाहिली, परत टाकली आणि लुगड्याला हात पुसले. काही बोलली नाही. ठमाबाई बोलली नाही हेच मंजुषाला बोचलं. दुसऱ्या दिवशी शोरूमचा मेकॅनिक येऊन गेला. त्यानं इकडं तिकडं ठोकलं, कामाची चिठ्ठी लिहून फाडून दिली आणि म्हणाला, हात बसला की जमेल. तिसऱ्या दिवशी, खोलीत कुणी नसताना, तिनं पाना घेऊन उजव्या बाजूचा स्क्रू फिरवला. पाव फेरा. 'कोणत्याही स्क्रूला हात लावू नये' असं पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलेलं असताना.

मूलच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती त्या पाव फेऱ्याचाच विचार करत राहिली. समजा, आपणच बिघडवला असेल तर? हा प्रश्न तिला वर्षभरात अनेकदा पडला होता, भांडी घासताना, धान निवडताना, आणि प्रत्येक वेळी तिनं तो झटकला होता. आता तो टाइप होऊन आला होता. गावानं तर कधीच निकाल दिला होता. मंजुषाच्या हलरवर कनकी होते, एवढं एक वाक्य गावभर फिरलं आणि लोक पोती घेऊन परत मूलच्या मोठ्या मिलकडं जाऊ लागले. तिच्या दारावरून बैलबंड्या जात. बंडीवरचा माणूस तिच्याकडं बघायचं टाळून बैलाशी बोलत जाई. यंत्र खराब निघालं असं कुणी म्हणत नव्हतं, बाईला जमलं नाही असं म्हणत होते. जसं काही यंत्र हे देवानं घडवलेलं आणि चूक करायला जगात फक्त तिचेच हात. ती धानात वाढली होती. तिचे वडील खुशाल रामटेके मूलच्या एका राइस मिलमध्ये एकतीस वर्षं होते, आणि लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेलं की ती तिथल्या गरम कोंड्याच्या वासात तासन्‌तास बसून राही. मानेवर तूस चिकटायचं, खाज सुटायची, तरी उठावंसं वाटायचं नाही. यंत्रं कशी बोलतात हे तिला तिथं कळलं. धान ओलं असलं की आवाज जड होतो, वाळलेलं असलं की कोरडा, चुरचुरीत. आणि तिचा स्वतःचा हलर पहिल्या मिनिटापासून लंगडत होता. एक पाय आखूड असलेल्या माणसासारखा. हे ती मेकॅनिकला म्हणाली तेव्हा तो हसला होता. 'बाई, मशीन आहे ते. त्याले पाय कुठचे?'

तिनं प्रत्युत्तर लिहिलं, आणि आयोगानं यंत्र तपासायला एक तज्ज्ञ नेमला. नथ्थूजी गेडाम, आयटीआयमधून निवृत्त झालेले निदेशक, मोटरसायकलवरून एकटेच आले. त्यांनी चहा नाकारला, पाणी घेतलं आणि जमिनीवर मांडी घालून दोन तास यंत्र उघडून बसले. गोपालसेठच्या वकिलांचा माणूस दारात उभा होता. मंजुषा भिंतीशी. यंत्र असं उघडं पडलेलं बघून तिला लाजल्यासारखं झालं, जणू आजारी माणसाचे कपडे काढले होते. नथ्थूजींनी पट्टी लावली, मोजमाप वहीत लिहिलं, परत पट्टी लावली. दोन्ही रोल समांतर नव्हते. डाव्या टोकाला फट जास्त, उजव्या टोकाला कमी. तिच्या छातीत एकदम मोकळं झालं. पण अहवाल आला त्यात पुढचं वाक्यही होतं: हा दोष मुळातला असू शकतो, किंवा एका बाजूचा स्क्रू चुकीचा फिरवल्यानेही येऊ शकतो, निश्चित सांगता येत नाही. प्रामाणिक माणसानं प्रामाणिकपणे लिहिलेलं. तिला त्यांचा रागही येईना. एका बाजूचा स्क्रू. तिनं अहवाल घडी करून पिशवीत ठेवला, आणि दिवसभर घरात असं वागली की कुणाला काही कळू नये.

त्यानंतर मध्यस्थीची तारीख आली. दोन्ही पक्षांनी बसून मिटवावं, मिटलं तर कोर्टाचा वेळ वाचतो आणि माणसांचाही, असं मध्यस्थ बाईंनी समजावून सांगितलं. त्या चांगल्या होत्या. गोपालसेठ स्वतः आले होते. पांढरा सदरा, कपाळाला गंध, बोलणं मऊ. तिला वाटलं होतं ते भांडतील. ते भांडले नाहीत. नवीन यंत्र देतो म्हणाले, नव्या मॉडेलचं, खेटे घालण्याचा खर्चही देतो. मंजुषाचा नवरा प्रफुल त्या दिवशी मुद्दाम सोबत आला होता. तो मोहर्लीला जंगल-सफारीची जिप्सी चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा, आणि त्या दिवसाचा बुडालेला फेरा त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. त्यानं टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. घे. मसुदा टाइप होऊन आला. तिनं सगळा वाचला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की बिघाड तक्रारकर्तीच्या हाताळणीतील चुकीमुळे झाला हे उभय पक्षांना मान्य असून, विरुद्ध पक्ष केवळ सद्भावनेपोटी नवीन यंत्र देत आहे. अडाणी हा शब्द काढला होता. तेवढी मेहेरबानी होती.

'ही ओळ काढा,' ती म्हणाली.

गोपालसेठ हसले, आणि त्या ओळीनं तुझं काय बिघडतं, कागद फायलीत पडून राहणार, कोण वाचणार, असं काहीतरी म्हणाले. ओळ काढली तर उद्या प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या दारात उभं राहील. ते खरंच होतं. त्यांना त्या ओळीची गरज होती आणि तेवढ्यासाठीच ते अख्खं यंत्र द्यायला तयार होते. म्हणजे त्या ओळीची किंमत एका यंत्राएवढी होती. हे लक्षात आलं आणि मंजुषाला आपल्याच शांतपणाचं नवल वाटलं. तिच्यासमोर पेन होतं. बाहेर पोस्टमन कुणाचं तरी नाव विचारत होता. आणि तिला एकाएकी तिचा बाप दिसला, जेवणाच्या ताटावर बसलेला, न जेवणारा.

ती तेव्हा दहा वर्षांची असेल. मिलमध्ये बाबा हजेरीपटावर हमाल होते. पोती उचलणं हे त्यांचं काम. पण व्यापारी आले की मालक त्यांना पोत्यांवरून खाली बोलवी. 'खुशाल, दाणा पाय बरं.' बाबा चार दाणे दाताखाली धरत. कट्ट आवाज आला की धान तयार, नाहीतर अजून दोन उन्हं. त्यांच्या दाताच्या आवाजावर ट्रकच्या ट्रक ठरत, आणि ते झालं की ते परत पोत्यांकडं जात. एकदा मालकाच्या मुलानं यंत्राची फट आवळली आणि मोठ्या गिऱ्हाईकाचा सगळा माल कनकी झाला. गिऱ्हाईक पेटलं. मालकानं एका कागदावर लिहून आणलं की खुशाल हमालानं न विचारता यंत्राला हात लावला, आणि बाबांनी सही केली. नोकरी राहिली. पगारही कापला नाही. मालक वाईट माणूस नव्हता, दिवाळीला त्यानं कपडे दिले होते. पण त्या दिवसानंतर बाबांनी दाणा दाताखाली धरला नाही. बोलावलं तर म्हणत, मले नाई समजत सेठजी, मी हमाल माणूस. आणि हळूहळू ते खरं झालं. घरीसुद्धा आई धान दाखवायची तर ते तोंड फिरवायचे. माणसानं सही केलेली गोष्ट माणसाच्या आत जाऊन बसते, घर करते, आणि एक दिवस तोच त्या घराचा भाडेकरू होतो.

'मी सही नाई करत,' मंजुषा म्हणाली.

 घरी आल्यावर प्रफुल बोलला, आणि तो चुकीचं बोलत नव्हता, तेच जड होतं. आलेलं यंत्र लाथाडलं. आता तज्ज्ञाचा अहवाल असा, साक्ष होईल, हरशील, मग ना यंत्र ना काही, आणि गाव म्हणेल पाहा, कोर्टानंही तेच सांगितलं. तो म्हणाला, 'शब्दच होता ना? शब्दानं काय अंगाले भोकं पडते?' तिला त्याला स्क्रूबद्दल सांगावंसं वाटलं. तोंडाशी आलं होतं. पण सांगितलं असतं तर त्याची बाजू आणखी खरी झाली असती. तिच्याकडंच राहणारे बाबा ओसरीवर दोरी वळत बसले होते. आता त्यांना कमी ऐकू यायचं, किंवा कमी ऐकायचं त्यांनी ठरवलं होतं. तिला वाटत होतं तेही प्रफुलच्याच बाजूनं बोलतील. मोठ्यांशी वैर नको, हे त्यांच्या आयुष्याचं वाक्य. प्रफुल अंघोळीला गेला तेव्हा त्यांनी दोरी बाजूला ठेवली.

'कागदावर काय लिवलं होतं?'

तिनं सांगितलं. ओळ जशीच्या तशी. त्यांनी मांडीवरचे दोरीचे तंतू झटकले. मग म्हणाले, 'मी सही केल्ती. तू लहान होती, तुही आई बिमार होती. चूल बंद पडली असती. म्हणून केली.' त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. 'तुह्यावर तसा भार नाई. प्रफुल कमावते. तू काऊन करशीन सही?'

एवढंच. त्यांनी परत दोरी हातात घेतली. मंजुषा आत गेली, पाण्याच्या रांजणाशी उभी राहिली, आणि तिला कळेना की रडू येतंय की राग. बत्तीस वर्षं हा माणूस त्या सहीचा विचार करत होता आणि त्यानं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. आणि आपण? आपण एक पाव फेरा लपवून बसलो आहोत. आपणही आत एक घर बांधायला घेतलंच आहे की. त्या संध्याकाळी तिनं पिशवी उपसली. एकेक कागद जमिनीवर तारखेनं लावला. बिल, पुस्तिका, नोटिशीची पोचपावती, मेकॅनिकच्या चिठ्ठ्या. दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीवर मेकॅनिकचं मोडकं अक्षर होतं. तिनं ती उजेडाकडं धरली आणि वाचली, आणि परत वाचली. मग तिनं ठरवलं. चिठ्ठीमुळं ठरवलं असं नव्हे. चिठ्ठी नसती तरी ठरवलंच असतं, असं तिला त्या वेळी वाटलं, आणि ते खरं होतं का हे ती पुढं कधीच स्वतःला विचारणार नव्हती.

सुनावणीला ती एकटी गेली. खोली तिला वाटली होती त्यापेक्षा लहान होती, पंखा जोरात फिरत होता आणि कागद दाबायला प्रत्येकाच्या समोर काहीतरी ठेवलेलं. अध्यक्ष आणि दोन सदस्य. वकिलांनी तोंडी प्रश्न विचारायची परवानगी मागितली, ती मिळाली. त्यांनी आधी सोपं विचारलं. शिक्षण किती. यंत्र कोण चालवतं. कामाला माणूस ठेवला होता का. ती उत्तरं देत गेली. मी चालवते, मीच पोतं ओतते, मीच झाडते, माणूस नाही. मग ते थांबले, चष्मा वर सरकवला, आणि तिला कळलं की आता तो प्रश्न येणार. तिच्या बोटांना परत तो थंडपणा जाणवला. त्या दिवशी हलरच्या खोलीत कुणी नव्हतं. पाना तिचा, स्क्रू तिचा, साक्षीदार फक्त भिंत. नाही म्हटलं की संपलं.

'पुस्तिकेत मनाई असताना तुम्ही यंत्राचा कुठला स्क्रू फिरवला होता का?'

'हो,' ती म्हणाली. 'उजव्या बाजूचा. पाव फेरा.'

वकील क्षणभर गोंधळले. त्यांना 'नाही' हे उत्तर अपेक्षित होतं. 'नाही' असं उत्तर आलं असतं तर त्याच्यावर पुढं काय विचारायचं ते त्यांनी ठरवून आणलं होतं. मग ते अध्यक्षांकडं वळले, तज्ज्ञाच्या अहवालातली ओळ वाचून दाखवली, आणि म्हणाले की आता सांगण्यासारखं काही उरलंच नाही. गोपालसेठ मागच्या खुर्चीत जरा सैल बसले. मंजुषाच्या कानात पंख्याचा आवाज भरला. तिला भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली काहीतरी घट्ट, टणक, ज्याच्यावर पाय टेकला होता.

'मले बोलायचं आहे,' ती म्हणाली.

अध्यक्ष म्हणाले, बोला.

तिनं चिठ्ठी पुढं केली. ती प्रमाण मराठीत बोलायचं ठरवून आली होती, घरी घोकूनही झालं होतं, पण तोंडातून आलं ते गावचंच. 'मशीन सोमवारी सुरू झाली. मंगळवारी सेठजीचा मेकॅनिक आला. त्यानं चिठ्ठीवर लिवलं, कनकी जास्त, डावीकडे धान तसंच राहून राह्यलं. खाली त्याची सही आहे, तारीख आहे. स्क्रू मी बुधवारी फिरवला. आणि आवळला नाई, सैल केला. उजवीकडे दाणा फुटत होता, म्हणजे तिथं फट कमी. थोडी सैल केली तर उजवीकडचा दाणा वाचला, पण डावीकडे अजून धानच पडे. तेव्हा मले समजलं का स्क्रूनं हे सुधारणार नाई. रोलच तिरके बसवले आहेत. मी परत होता तसा करून ठेवला.'

एका सदस्यानं विचारलं, सैल केला की आवळला हे आता कसं कळणार. तुम्ही म्हणता म्हणून?

'मी म्हणतो म्हणून नाई,' ती म्हणाली. 'मी नाई म्हटलं असतं तरी कोणाले समजलं नसतं. तरी मी हो म्हटलं. आणि चिठ्ठी त्यायचीच आहे. मी हात लावायच्या आधीची आहे. धान कसं फुटते ते मले समजते साहेब. अडाणी असतो तर मी स्क्रूले हातच नसता लावला, त्यायच्यावर भरोसा ठेवून बसलो असतो.'

खोलीत कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चिठ्ठी घेतली, तारीख मोठ्यानं वाचली, तज्ज्ञाच्या अहवालाशेजारी ठेवली. वकिलांनी चिठ्ठी पाहायला मागितली, पाहिली, आणि गोपालसेठकडं न बघता परत दिली. बाहेर येऊन तिनं नळाखाली मनगटं धरली. पाणी गरम होतं, टाकीचं.  तिला वाटलं होतं खरं बोलल्यावर हलकं वाटेल. हलकं वाटत नव्हतं. भूक लागली होती, भयंकर.

निकाल दीड महिन्यानं लागला. यंत्रात मुळातच दोष होता, तक्रारकर्ती स्वयंरोजगारासाठी यंत्र चालवणारी ग्राहक आहे, तिच्या हाताळणीत चूक असल्याचं विरुद्ध पक्षानं सिद्ध केलेलं नाही. यंत्र परत घ्यावं, किंमत आणि खर्च द्यावा. प्रमाणित प्रत घ्यायला ती गेली तेव्हा खिडकीवर तिच्यापुढं गोपालसेठचे वकील उभे होते, आणि स्वतः सेठ फाटकाशी गाडीला टेकून. त्यांनी तिला पाहिलं, ओळखीचं हसले. रागावलेले दिसत नव्हते, थोडे थकलेले दिसत होते. त्यांनी जवळ येऊन शांतपणे सांगितलं की हे इथं संपत नसतं. ते वर जाणार. नागपूरला अपील, तिथं नाही जमलं तर त्याच्याही वर. वकील त्यांचे पगारी आहेत, त्यांना काही फरक पडत नाही. तिला पडेल.

'किती वर्षं लागतीन तुले मालूम आहे बाई?'

मंजुषानं आदेशाची पानं मोजून पाहिली, नऊ होती, आणि शेवटच्या पानावरचा शिक्का नीट उमटला आहे का ते पाहिलं. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला आणि दोघांच्याही अंगावर बारीक धूळ बसली. तिनं ती झटकली नाही.

'लागू द्या,' ती म्हणाली. 'नागपूरची नोटीस माह्याच नावानं धाडा. सही करून घ्यायले घरी मीच असतो.'